सुट्टी तीन आठवड्यांची, घरे चार

पत्र: मी २३ वर्षांचा असून अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एका विद्यापीठात एम.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. आईबाबा सांगलीला असतात. डिसेंबरच्या मध्यापासून मला तीन आठवड्यांची सुट्टी आहे आणि इथल्या ईशान्येच्या शहरांत आमची बरीच माणसे आहेत. न्यू जर्सीत एडिसनला सख्खी मावशी आहे, बॉस्टनला शाळेपासूनचा मित्र नोकरी करतो, फिलाडेल्फियाला चुलत बहीण आहे (तिला पाच महिन्यांचे बाळ आहे), आणि वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिल येथे बाबांचे जुने मित्र राहतात. अडचण अशी की आईने मावशीला परस्पर सांगून टाकले आहे, ‘तो पूर्ण सुट्टी तुझ्याकडेच राहील’, आणि बाबांनी त्यांच्या मित्रांना आठवडाभराचा शब्द दिला आहे. बॉस्टनचा मित्र ‘बिनधास्त ये’ म्हणतो, पण त्याच्या घरात आणखी तिघे राहतात. मला गाडी चालवता येत नाही आणि हाताशी पैसे बेताचेच आहेत. एखादी रात्र हॉस्टेलात काढीन म्हटले, तर आई म्हणते, ‘चार घरे असताना बाहेर राहिलास तर लोक काय म्हणतील?’ कोणाकडे किती दिवस राहावे, खर्चाचे काय करावे, आणि कोणालाही न दुखावता, कोणाला ओझे न होता हे कसे जमवावे? ३१ डिसेंबरची रात्र टाइम्स स्क्वेअरमध्ये घालवण्याचीही फार इच्छा आहे.
— एक विद्यार्थी, इलिनॉय

उत्तर:

तुमच्या चार घरांपैकी दोन घरांचे दिवस तुम्ही ठरवलेलेच नाहीत, ते सांगलीत बसून ठरवले गेले आहेत, आणि तुमच्या पत्रातील निम्मी काळजी त्यातूनच आलेली आहे. म्हणून सर्वप्रथम प्रवासाचे वेळापत्रक स्वतःच्या हाती घ्यावे. आई आणि मावशी यांच्यात जे बोलणे झाले ते बहिणीबहिणींच्या मायेचे बोलणे होते. तो तुम्ही केलेला करार नव्हे, आणि मावशीही तो तसा धरून बसलेली नसणार. येत्या शनिवारी सकाळी तिला निवांत फोन करून येण्याची आणि निघण्याची, अशा दोन्ही तारखा सांगाव्यात. आईशी त्यानंतर बोलावे, आधी नव्हे. आधी बोललात तर मावशीला बातमी आईकडून कळेल आणि ती तशी कळणे हेच अनेकदा दुखावण्याचे खरे कारण असते.

निघण्याची तारीख आधीच सांगण्यात आपल्याकडे थोडा उद्धटपणा मानला जातो, हे मला ठाऊक आहे. ‘बघू, राहीन की’ असे म्हणणे आपल्याला अधिक जिव्हाळ्याचे वाटते. परंतु अमेरिकेतल्या नोकरदार मराठी घराची अडचण वेगळी असते. तिथे पगारी रजा देण्याचे बंधन मालकावर केंद्र सरकारच्या कायद्याने घातलेले नाही, ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते, आणि बहुतेक घरांत जी काही रजा साठते ती भारतात येण्यासाठी जपून ठेवलेली असते. मावशीने तुमच्यासाठी एक दिवस सुट्टी काढली, तर तो दिवस तिच्या पुढच्या भारतभेटीतून, म्हणजे बहुधा तुमच्याच आजीच्या वाट्यातून जातो. ती हे कधीही बोलून दाखवणार नाही. जेवणाचा, झोपण्याचा, चार कपडे जास्त धुण्याचा खर्च या घरांना फारसा जाणवत नाही. ‘आज याला कुठे फिरवायचे’ हा प्रश्न मात्र रोज सकाळी उभा राहिला की पाहुणा जड वाटू लागतो, मग तो कितीही लाडका असो. यावरचा उपाय तुमच्याच हातात आहे. दिवस तुमचा तुम्ही काढावा आणि संध्याकाळ यजमानांची असावी. गाडी येत नसल्याने हे जमणार नाही असे तुम्हांला वाटत असेल, परंतु संपूर्ण अमेरिकेत गाडीवाचून एकट्याने हिंडता येईल असा जर कोणता पट्टा असेल, तर तो नेमका हाच आहे.

बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंत सुमारे ७३५ किलोमीटरचा एकच रेल्वेमार्ग आहे आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी व फिलाडेल्फिया ही सर्व ठिकाणे त्याच मार्गावर ओळीने येतात. म्हणून एडिसनला मुक्काम ठेवून चहूकडे येरझाऱ्या घालण्याऐवजी तुम्ही विमानाने बॉस्टनला उतरावे, एकाच दिशेने दक्षिणेकडे सरकत यावे आणि परतीचे विमान वॉशिंग्टनहून पकडावे. माझ्या हिशेबाने १८ ते २१ डिसेंबर बॉस्टन, २१ डिसेंबर ते २ जानेवारी एडिसन, पुढे दोन रात्री फिलाडेल्फिया, तीन रात्री रॉकव्हिल, आणि ७ जानेवारीला परतीचे विमान. चारही घरांना समान दिवस देण्याच्या भानगडीत पडू नये. सख्ख्या मावशीकडे अकरा-बारा दिवस आणि बाबांच्या मित्रांकडे तीन, यात कोणाचाही अपमान नाही. या मार्गावरच्या अॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या तिकिटांचे दर विमानासारखे चढत जातात, त्यामुळे तारखा पक्क्या होताच तिकीट काढावे. नाताळच्या आदल्या दोन दिवसांत गाड्या तुडुंब असतात, म्हणूनच मी २१ तारीख सुचवली आहे. बसने पैसे वाचतात हे खरे, मात्र हिमवर्षावात आणि सणाच्या वाहतुकीत बसचे वेळापत्रक कागदावरच राहते. बॉस्टनहून निघणाऱ्या ‘नॉर्थईस्ट रीजनल’ गाड्यांपैकी काही थेट मेट्रोपार्क स्थानकावर थांबतात, जे एडिसनच्या अगदी शेजारी आहे. अशीच गाडी निवडली तर न्यूयॉर्कला सामान घेऊन फलाट बदलण्याचा त्रास वाचतो आणि पाच तासांच्या आसपास तुम्ही मावशीच्या दारात असता. या प्रवासात डाव्या हाताची खिडकी धरावी, कारण कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर, न्यू लंडनच्या आसपास, रूळ समुद्राला अगदी लागून जातात.

आता बॉस्टनविषयी, कारण चार घरांपैकी सर्वांत नाजूक घर मावशीचे नसून मित्राचे आहे. मावशीकडे तुम्ही चुकलात तर ती रागावेल आणि विसरेल. मित्राच्या घरात तुमची चूक त्याला पुढे महिनोन्महिने तिघांकडून ऐकावी लागेल. ‘बिनधास्त ये’ हे त्याचे एकट्याचे मत आहे. त्याने बाकीच्या तिघांना विचारले आहे का, आणि घराच्या भाडेकरारात बाहेरच्या माणसाने राहण्याबद्दल काही अट आहे का, हे दोन प्रश्न त्याला स्पष्ट विचारावेत आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवावी. तिघांपैकी एकानेही नाक मुरडले तर बॉस्टनच्या मध्यवस्तीत तरुण प्रवाशांसाठी चांगले हॉस्टेल आहे. तिथे झोपावे आणि मित्राला संध्याकाळी भेटावे. आईच्या ‘लोक काय म्हणतील’ला उत्तर एवढेच की हे लोक चार वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेले असून त्यांना एकमेकांचे पाहुणे मोजण्यास सवड नाही.

घरातच राहणार असाल, तर दोन गोष्टी अशा आहेत ज्या तिथे गृहीत धरलेल्या असतात आणि पाहुण्याला कोणीही सांगत नाही. पहिली न्हाणीघराची. तिथल्या जुन्या लाकडी घरांत टबाबाहेरच्या जमिनीला मोरीसारखा निचरा नसतो. पडदा टबाच्या आत सोडला नाही, किंवा बादलीने अंघोळ करण्याच्या सवयीने पाणी बाहेर सांडले, की ते थेट खालच्या मजल्याच्या छतावर उमटते आणि नुकसानभरपाई अनामत रकमेतून कापली जाते. दुसरी स्वयंपाकाची. तुम्ही उत्साहाने सर्वांसाठी पोहे करायला घ्याल, तेल तापून मोहरी तडतडेल, मिरच्या पडतील, आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागेल. काही इमारतींत त्यावर अग्निशमन दलाची गाडीही येते. फोडणी देण्याआधी पंखा सुरू करावा, खिडकी बोटभर उघडावी, झोपायच्या खोल्यांची दारे लोटून घ्यावीत आणि तेलातून धूर निघू देऊ नये. एवढे सांभाळून एका संध्याकाळी चौघांना पिठले-भात करून घातलात, तर ती बाकीची तिघेही तुम्हांला पुन्हा बोलावतील. घरातल्यांच्या सकाळच्या कामाला उशीर होणार नाही अशी अंघोळीची वेळ ज्याने आधी विचारून घेतली, तो पाहुणा अशा घरात फार आवडतो, हेही ध्यानात ठेवावे.

मित्राशी पैशांचे बोलणे पहिल्या दिवशीच करावे. किराणा आणि बाहेरचे जेवण यांचा खर्च समान वाटून घेऊ, असे तुम्हीच म्हणावे आणि त्याच रात्री फोनवरून आपला वाटा पाठवून मोकळे व्हावे. हॉटेलात बिलाच्या वर अठरा-वीस टक्के बक्षिसी द्यावी लागते, तीही हिशेबात धरावी. दिवसा मित्र कामावर असताना तुम्ही ‘फ्रीडम ट्रेल’वरून चालावे. रस्त्यात लाल विटांची रेघ आखलेली असून तिच्यामागे अडीच मैल चालत गेले की अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचे बॉस्टन फुकटात पाहून होते. मात्र सकाळी लवकर निघावे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरची थंडी इलिनॉयमध्ये राहणाऱ्यालाही नवी वाटावी अशी दमट असते.

एडिसनमध्ये तुमचा मुक्काम मोठा आहे, आणि तिथल्या दिवसांची आखणी सर्वांत अगत्याने करायला हवी. मावशीला फोन केल्यावर त्याच गोष्टी लिहूनही पाठवाव्यात, म्हणजे काकांपर्यंत त्या जशाच्या तशा पोहोचतात. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ:

‘मावशी, मी २१ तारखेला संध्याकाळी मेट्रोपार्कला उतरतो आणि २ तारखेला सकाळी ताईकडे जायला निघतो. तू आणि काका कामावर असाल ते दिवस मी न्यूयॉर्कला जाईन, माझे मी येईन-जाईन. रात्री जेवायला घरी आहे. २५ तारीख आणि त्यानंतरचे दोन दिवस मात्र मी कुठेही जाणार नाही, घरीच आहे. माझ्यासाठी रजा काढू नकोस.’

यातल्या शेवटच्या वाक्यावर ती रागावल्याचे दाखवील. दाखवू द्यावे.

न्यूयॉर्कला जाण्यासाठी एडिसन किंवा मेट्रोपार्क स्थानकावरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी तासाभरात पेन स्टेशनला सोडते. तिकीट फोनवर काढता येते, पण ते गाडीत बसण्याआधी चालू करायचे असते, आणि स्थानकावरची तिकीट खिडकी उघडी असताना गाडीत तिकीट मागितल्यास जादा आकार पडतो. रात्री परतायची शेवटची सोयीची गाडी कोणती, हे सकाळीच मावशीला सांगून ठेवावे. रात्री अकरा वाजता ‘गाडी चुकली, घ्यायला या’ असा फोन काकांना करण्याइतका पाहुणचार कोणीही ताणू नये. शहरात भुयारी रेल्वेला बँकेचे कार्ड टेकवले की पुरते. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळून जाणारी स्टेटन आयलंडची फेरीबोट मोफत आहे. पुतळ्याच्या पायथ्याशी जाण्याचा खास हट्ट नसेल, तर बेताच्या पैशांत यापरते काही नाही.

न्यूयॉर्कच्या नेहमीच्या यादीत दोन ठिकाणे मी भर घालीन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि तिथल्या लेमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. विद्यापीठाच्या आवारात बाहेरच्यांना सोडण्याचे नियम अलीकडे कडक झाले असल्याने निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहावे. आत जाता आले नाही तरी ब्रॉडवेवरील ११६व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून त्या परिसरात एक चक्कर मारावी, कारण त्या काळी तिथे पोहोचलेल्या विद्यार्थ्याचे वय तुमच्याहून फार वेगळे नव्हते. दुसरे ठिकाण दूर आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जवळचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्क बंदरात उतरल्या तेव्हा त्यांना उतरवून घेतले ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी. हे रोझेल एडिसनपासून फार दूर नाही. ओळख सारी पत्रांतली, आणि तरी आनंदीबाई त्या बाईंना मावशी मानत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली, १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या. त्या कुटुंबाच्या स्वतःच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, त्यांची समाधी आहे. ग्रँड सेंट्रलहून हडसन नदीच्या काठाने जाणारी गाडी दोनेक तासांत पकिप्सीला नेते, पुढे टॅक्सी करावी लागते. बर्फ पडलेले नसेल अशा दिवशी, आणि शक्य तर मावशीला बरोबर घेऊन जावे. तिला न्यू जर्सीत इतकी वर्षे काढूनही तिथे जाणे जमले नसेल, असे मला वाटते. त्या भागातील बहुतेकांचे तसेच होते.

मावशीच्या घरात खर्चाची भाषा करू नये. तिच्या हातात पैसे ठेवायला गेलात तर ते तिला लागेल. त्याऐवजी भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडला वाणसामान आणायला ती निघाली की बरोबर जावे, पिशव्या उचलाव्यात आणि एखाद्या वेळी तिच्याआधी कार्ड पुढे करावे. भारतातून चकल्या, लाडू मागवून ते भेट म्हणून नेण्याची आईची सूचना असेल, तर ती नम्रपणे टाळावी. त्या रस्त्यावर मिळत नाही असे आता फारसे काही उरलेले नाही. भेट द्यायचीच तर तिच्या मुलांना वेळ द्यावा. शाळांना साधारण २४ डिसेंबरपासून सुट्टी असते, आईवडिलांपैकी एकाला निदान काही दिवस काम असते, आणि तेवढे दिवस मुलांना कोणी सांभाळायचे याची प्रत्येक घरात ओढाताण चालते. त्यातली एक दुपार तुम्ही स्वतःहून अंगावर घेतली तर कोणत्याही साडीपेक्षा मावशीला ती अधिक उपयोगी पडेल. जेवण झाल्यावर भांडी विसळून यंत्रात लावणे, कचऱ्यातील कागद-काच वेगळे ठेवणे, खोलीतून बाहेर पडताना दिवा आणि हीटर पाहणे, ही कामे कोणी न सांगता करावीत. तुम्ही सोफ्यावर बसून राहिलात आणि मावशी ऑफिसातून येऊन पोळ्या लाटते आहे, हे दृश्य तिच्या मुलांच्या नजरेतून एकदा पाहावे. रॉबिन्सव्हिलच्या अक्षरधामला ती तुम्हांला नेईलच. तिथे जायला गाडी लागते, तेव्हा सुट्टीच्या दिवसाची ती एक सहल तिच्या हौसेवर सोडून द्यावी.

टाइम्स स्क्वेअरच्या बाबतीत माझे उत्तर स्पष्ट ‘नको’ असे आहे. त्या रात्री नव्या वर्षाच्या ठोक्याला दिव्यांचा चेंडू खांबावरून खाली येताना पाहण्यासाठी लोक दुपारपासून पोलिसांच्या कठड्यांत उभे राहतात. एकदा बाहेर पडले की जागा जाते, आत प्रसाधनगृह नाही, पाठीवरची पिशवी नेता येत नाही, आणि हे सारे गोठवणाऱ्या थंडीत आठ-दहा तास. मध्यरात्रीनंतर पेन स्टेशनला काय गर्दी उसळते ते वेगळेच. तो सोहळा दूरचित्रवाणीवर अधिक नीट दिसतो, आणि एवढ्या मुक्कामात मावशीच्या घरच्यांबरोबर वर्षाची अखेरची रात्र न घालवण्याचे समर्थन करणेही तुम्हांला जड जाईल.

फिलाडेल्फियाच्या बहिणीचे घर निराळ्या काळजीने पाहावे. पाच महिन्यांच्या बाळाच्या घरात पाहुण्याने काय पाहिले, काय खाल्ले यापेक्षा तो खोकत होता का, हे महत्त्वाचे असते. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी, आणि ती घेतल्याचे बहिणीला आपणहून कळवावे, म्हणजे विचारण्याचा अवघडपणा तिच्यावर येत नाही. तुमच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. घसा थोडासाही धरला असेल तर मुक्काम रद्द करावा, आणि तसे आधीच ठरल्याचे तिला सांगून ठेवावे. तिने आग्रह केला तरी दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये, आणि पहिल्याच सकाळी ‘ताई, तू दोन तास झोप, मी बाळाला घेऊन बसतो’ असे म्हणावे. जेवण बाहेरून तुम्हीच मागवावे, इथे हिशेबाचा संकोच नको. दुपारी बाळ झोपले असताना लिबर्टी बेल पाहून येता येते, तिथे प्रवेशाला पैसे नाहीत. एडिसनहून तिच्याकडे जाताना अॅमट्रॅकची गरजही नाही. न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटनपर्यंत आणि तिथून सेप्टाच्या लोकलने फिलाडेल्फियाच्या ३०व्या रस्त्याच्या स्थानकावर, असे दोन तासांच्या आतबाहेर आणि पुष्कळ स्वस्तात जाता येते.

रॉकव्हिलच्या काकांबद्दल थोडकेच सांगणे पुरे. बाबांनी दिलेला आठवड्याचा शब्द बाबांनीच आवरता घ्यावा, तुम्ही नव्हे. मित्राने मित्राला फोन करून ‘त्याचे कॉलेज सुरू होते आहे, तीन दिवस येईल’ असे सांगणे सहज होते. तुमच्याकडून तेच ऐकले तर ते नकारासारखे लागते. बाबांच्या फोननंतर मात्र तुम्ही स्वतः त्यांना आणि काकूंना बोलून वेळ कळवावी. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून मेट्रोची रेड लाइन थेट रॉकव्हिलला जाते, तेव्हा ‘तुम्ही स्टेशनवर येऊ नका’ असे म्हणताना नुसता उपचार वाटणार नाही. स्मिथसोनियनची संग्रहालये मोफत असून २५ डिसेंबर वगळता ती वर्षभर उघडी असतात. काहींसाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते, एवढे पाहावे. संध्याकाळी घरी यावे आणि काकांना बाबांच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगू द्याव्यात. तुम्हांला बोलावण्यामागे त्यांचा तोच मुख्य हेतू आहे, आणि त्या गोष्टी बाबांनी तुम्हांला कधीच सांगितलेल्या नसणार.

राहिली कागदपत्रे आणि हवामान. देशांतर्गत प्रवास असला तरी पारपत्र आणि आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र) बरोबर ठेवावे, त्यांची छायाचित्रे फोनमध्येही असावीत, आणि आरोग्य विम्याचे कार्ड विसरू नये. सामान एकाच चाकांच्या बॅगेत आणि एका पाठपिशवीत मावेल एवढेच घ्यावे, कारण जुन्या स्थानकांत जिने आहेत आणि चारही घरांत तुमच्या बॅगेला जागा लागणार आहे. जाड कोटापेक्षा आतून घालायचे गरम कपडे आणि पाणी न शिरणारे बूट यांवर पैसे खर्च करावेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात किनाऱ्यालगत मोठे हिमवादळ आले तर गाड्या आणि विमाने दोन्ही रखडतात, म्हणून विद्यापीठात हजर होण्याचा दिवस आणि परतीचे विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा सोडावा. वॉशिंग्टनचे रीगन विमानतळ मेट्रोवर आहे आणि रॉकव्हिलहून एकदा गाडी बदलून तिथे पोहोचता येते. तिकीट शक्यतो तिथूनच आणि दुपारचे काढावे, म्हणजे पहाटे चारला काकांना गाडी काढावी लागणार नाही.